सात गाठींचे उपरणे

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा राजाला प्रजेची नावे पाठ असत आणि प्रजेला राजाचा स्वभाव, त्या काळी नदीकाठच्या एका नगरात एक तांबट राहत होता. त्याचे नाव सांगायला हरकत नव्हती. पण नाव सांगितले की त्या नावाची माणसे उगाच रागावतात. म्हणून आपण त्याला तांबटच म्हणू.

त्या नगरात एक जुना रिवाज होता. कुणी कर्ज घेतले की देणारा आपल्या हाताने घेणाऱ्याच्या उपरण्याला एक गाठ मारी. कर्ज फिटले की त्यानेच ती चौकातल्या पारावर, चार लोकांदेखत सोडायची. दुसऱ्या कुणी गाठीला बोट लावायचे नाही, कात्री चालवायची नाही, आणि गाठ असेपर्यंत उपरणे बदलायचे नाही.

हा रिवाज एका जुन्या राजाने पाडला होता. कर्ज खांद्यावर दिसत राहिले तर माणूस जपून कर्ज काढील, असे त्याला वाटले. राजा भला होता. त्याने स्वतः कधी कर्ज काढले नव्हते, त्यामुळे लाजलेला माणूस किती युक्त्या काढतो हे त्याला ठाऊक नव्हते.

तांबटाचा हात मोठा गुणी होता. त्याने घडवलेला हंडा पाहिला की बायका पाणी भरायचे विसरून त्यावरून हात फिरवीत. आजोबांच्या वेळची एक ऐरण त्याच्या दारात होती. तीन पिढ्यांच्या ठोक्यांनी तिच्या मध्यभागी खळगा पडला होता, आणि तो खळगा त्याच्या हाताला असा ओळखीचा झाला होता की डोळे मिटूनही त्याचा ठोका चुकत नसे. ठोक्यांच्या बाबतीत तो तोवर कधीच चुकला नव्हता. चुकला तो दाराच्या बाबतीत.

झाले असे, की आपल्यासारख्या कारागिराच्या घराला साधे दार शोभत नाही, असे त्याला एके दिवशी वाटले. कुणी म्हटले नव्हते, त्यालाच वाटले. त्याने सावकाराकडून पैसे काढून शिसवी चौकट करवून घेतली. तिच्यावर मोर, वेली आणि दोन हत्ती. ही पहिली गाठ.

तिचे व्याज देण्यासाठी वाण्याकडून घेतले, ही दुसरी. दोन गाठी खांद्यावर बऱ्या दिसेनात, म्हणून उपरण्यावरून पांघरायला त्याने एक जरीचा शेला घेतला. शेल्याचे पैसे सोनाराने दिले. तेव्हा तिसरी गाठ ही पहिल्या दोन गाठी झाकण्यासाठी होती. सोनार व्याजासाठी घाई करू लागला, म्हणून व्याह्याकडून घेतले, ही चौथी. मग व्याही पैसे मागायला आला. आता व्याही घरी आला म्हणजे त्याला कोरडी भाकरी वाढता येत नाही. तळणीचे चार पदार्थ करावे लागले आणि त्यासाठी तेलिणीकडून तेल उधार आणावे लागले. ही पाचवी. सहावी कशासाठी होती ते तांबटाला आता आठवत नव्हते. पण ती मेहुण्याने बांधली होती आणि मेहुण्याला चांगले आठवत होते.

चैत्राच्या जत्रेत सावकाराने तांबटाला पारावर गाठले. त्याने शेला बाजूला सारला, आपली गाठ पाण्यात भिजवली आणि कचकन ओढली.

"तांबटबुवा, एक वर्ष," तो गोड आवाजात म्हणाला. "पुढच्या जत्रेच्या दिवशी सूर्य बुडायच्या आत ही गाठ सुटली तर उत्तम. नाही सुटली तर तुमची ऐरण माझी."

ऐरण गेली म्हणजे तांबटाचे हात गेले. पण तांबट डगमगला नाही, कारण त्याच्याकडे एक बेत होता. कर्जबाजारी माणसाकडे पैसा नसेल, बेत नेहमी असतो.

"राजवाड्यातून एक मोठं काम येऊ दे," तो बायकोला म्हणाला. "साऱ्या गाठी एका दिवसात सोडवतो की नाही बघ."

"आणि तोवर?" बायकोने विचारले.

"तोवर वाट बघायची."

"अहो, समोरच्या आळीतल्या बाई गळका तांब्या घेऊन आल्या होत्या. तुम्ही परत पाठवलंत."

"भोकं बुजवायला नाहीत हे हात. आज भोक बुजवलं तर उद्या राजवाडा मला कशाला बोलावील?"

राजवाडा तसेही बोलावीत नव्हता. पण हे बायकोने मनात ठेवले.

दसऱ्याच्या सुमारास मात्र खरोखरच बोलावणे आले. राजकुमाराचे बारसे होते. साऱ्या नगराला जेवण होते, आणि शंभर माणसांचा भात एका वेळी शिजेल असे पातेले हवे होते. कोठावळ्याने कोठीतला पत्रा दिला आणि वीस दिवसांची मुदत दिली. मजुरी इतकी, की सहाही गाठी सुटून वर गोडधोड झाले असते.

"वीस दिवस कशाला? बारा दिवसांत देतो," तांबट म्हणाला. लवकर दिले तर वर बक्षीसही मिळेल, असे त्याने मनात धरले होते.

आता तांब्याचा एक स्वभाव आहे. ठोके खाऊन खाऊन ते कडक होते. मग त्याला भट्टीत लाल करायचे, निवू द्यायचे आणि पुन्हा ठोकायचे. तांबटाचे वडील म्हणत, "तांबं थकलं की त्याला निजू द्यावं." ही गोष्ट तांबटाला दूध पिण्याच्या वयापासून माहीत होती. पण बारा दिवसांत पातेले द्यायचे तर इतक्या वेळा निजवायला सवड कुठली? त्याने दोनदा निजवायचे तिथे एकदा निजवले, मग तेही टाळले. बारीक ठोक्यांनी काम हलेना, म्हणून मोठा हातोडा घेतला. नवव्या दिवशी पातेल्याच्या बुडातून 'टर्र' असा आवाज आला. वीतभर चीर गेली होती.

बारशाचा भात शेवटी जुन्याच पातेल्यांत शिजला आणि तो काही वाईट झाला नाही. मात्र कोठावळा तांबटाच्या घरी आला.

"पत्रा सरकारी होता," तो म्हणाला आणि त्याने सातवी गाठ मारली. ती रीतसर मारली. आधी दोन साक्षीदार बोलावले, मग गाठ बांधली, मग गाठ बांधल्याची नोंद केली आणि शेवटी नोंद केल्याबद्दल साक्षीदारांचे अंगठे घेतले.

त्यानंतर चार दिवस तांबट ऐरणीजवळ नुसता बसून राहिला. ऐरणीच्या खळग्यात त्याने तळहात ठेवला होता, जसा एखाद्या आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

पाचव्या दिवशी तेलीण आली. म्हातारी होती, कंबरेत वाकलेली, आणि जीभ मात्र सरळ. तिने तेल मोजायचे तांब्याचे माप त्याच्यापुढे ठेवले.

"बुडाला गळतंय बघ. गिऱ्हाईक म्हणतं, म्हातारी मापात मारते. मारते मी, नाही कोण म्हणतंय? पण इतकं नाही मारत!"

"आजी, हे काम माझं नव्हे. बाजारात कुणाकडूनही करून घ्या."

"कुणाकडूनही कशाला? माझी गाठ आहे ती कुणाच्या उपरण्याला?"

तांबटाने शेला नीट ओढून घेतला. "तुमचे पैसे देईन, आजी. सगळ्यांचे एकदम देईन. एक मोठं काम येऊ दे."

"आलं होतं ना परवा?"

तांबट ऐरणीकडे बघू लागला.

"बरं, राहिलं," म्हातारी खाली टेकत म्हणाली. "मी घाण्यावरची बाई, मला काय कळतं? एवढं सांग. एका हंड्याला ठोके किती लागतात रे?"

"चार हजार. पाच हजार. हंडा केवढा त्यावर आहे."

"आणि त्यातला मोठा ठोका कुठला? ज्यानं हंडा होतो, तो?"

तांबटाला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आले. "मोठा ठोका नसतोच, आजी. ठोक्याशेजारी ठोका द्यायचा असतो. मोठ्या ठोक्यानं हंडा होत नाही, भोक पड..."

शब्द त्याच्या तोंडातच राहिला.

म्हातारीने फक्त माप थोडे पुढे सरकवले.

तांबटाने माप उचलले. भोक बुजवायला पाव घटका लागली. दुसऱ्या दिवशी म्हातारीने गळकी घागर आणली, मग पोचे पडलेली परात, मग कान तुटलेली कढई. घाण्यावरची सारी भांडी पंधरा दिवसांत बरी झाली. सोळाव्या दिवशी तेलीण त्याला पारावर घेऊन गेली.

"शेला काढ," ती म्हणाली.

"आजी, इथं? लोक बघतायत."

"बघू दे की. शेला पांघरलास म्हणून त्यांना माहीत नाही, असं वाटतं का तुला? रोजच्या रोज जरीचा शेला कोण घेतं? एक नवरदेव आणि एक कर्जबाजारी."

तांबटाने शेला काढला. लोकांनी सात गाठी पाहिल्या. म्हातारीने दोन बोटांनी आपली गाठ अलगद सोडली.

"मी सैलच बांधते बाबा," ती म्हणाली. "सोडायची वेळ आली तर नखं माझीच मोडायची ना."

लोक दोन दिवस हसले. तिसऱ्या दिवशी त्यांना हसायला दुसरे कुणीतरी मिळाले. तांबट मात्र गाठ सुटली त्या रात्री बऱ्याच महिन्यांनी घोरला. सहा गाठी तशाच होत्या, पण सहा या सातापेक्षा कमी असतात हे त्याला कळले होते. हे ज्ञान दिसते त्याहून मोठे आहे. ज्यांच्या गाठी नेहमी वाढतच गेल्या त्यांना विचारा.

दुसऱ्या दिवशी त्याने दारात ऐरणीशेजारी गळकी भांडी मांडायला फळी ठोकली. बायकोने शेल्याची जर उसवली आणि सोनाराकडे नेली. सोनाराने ती वितळवली. चांदी निघाली ती मूठभरसुद्धा नव्हती. जरीत धातूपेक्षा तोराच जास्त होता. उरलेल्या पैशांपोटी तांबटाने सोनाराच्या घरचे सारे हंडे बारीक ठोक्यांनी मठारून दिले आणि गाठींपैकी शेल्याची गाठ सुटली.

संध्याकाळी आलेल्या मजुरीतला काही भाग बायको एका गडूत टाकी. गडूचे तोंड तिने फडक्याने बांधले होते. एकदा तांबटाने त्यात हात घालायचे मनात आणले.

"काय हवंय?" तिने चुलीपुढून विचारले.

"काही नाही. गडूला पोचा आलाय का बघत होतो."

"पोचा बाहेरून दिसतो. फडकं सोडावं लागत नाही."

पुढच्या महिन्यात व्याही आला. या वेळी बायकोने त्याला पिठले-भाकरी वाढली. तांबटाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. व्याही दोन भाकऱ्या जास्त जेवला, आपले पैसे घेऊन पारावर जाऊन त्याने गाठ सोडली आणि म्हणाला, "मागच्या खेपेला तळणीचं खाऊन माझं पोट चार दिवस धड नव्हतं. पण व्याह्याच्या घरी सांगायचं कसं?"

मग मेहुणा झाला. गाठ सोडता सोडता त्याने ती कशासाठी होती हे सविस्तर सांगितले. गावाहून परतताना तांबटाने घोडागाडी केली होती. चालत आला असता तर ही गाठ पडलीच नसती.

फाल्गुन उजाडला तेव्हा तीन गाठी उरल्या होत्या: वाण्याची, कोठावळ्याची आणि सावकाराची. तांबटाच्या तळहातांची कातडी जाऊन नवी आली होती. अशा वेळी सावकाराने त्याला घरी बोलावले, बसायला पाट दिला आणि गूळपाणी पुढे केले.

"तांबटबुवा, किती ही दगदग!" तो म्हणाला. "दारोदारची भोकं बुजवता. मला बघवत नाही. असं करू. वाण्याचे पैसे मी देतो, कोठीचे मी देतो. तुमच्यावर माझी तेवढी एकच नवी गाठ. जरा मोठी असेल, पण एकच. खांदा कसा मोकळा दिसेल!"

तांबटाचा हात खांद्यावर गेला. जत्रेला एक महिना होता, आणि गडू अजून अर्धाही भरला नव्हता. एक गाठ. एकाच दिवसात. उद्यापासून पाठ टेकून बसता येईल, दुपारी निजता येईल.

"एकच?" त्याने विचारले.

"एकच."

"आणि ऐरण?"

"ती तुमच्याच दारात राहील. फक्त तिच्यावर नाव माझं. आणि ओघानं घरावरही."

तांबट पाण्याच्या भांड्याकडे बघत राहिला. मग त्याने भांडे खाली ठेवले.

"सावकार, असा एक मोठा ठोका मी मागे मारलाय," तो उठत म्हणाला. "सरकारी पत्रा गेला."

घरी येऊन तो दारात उभा राहिला. मोर, वेली आणि दोन हत्ती त्याच्याकडे बघत होते. समोरचा शिंपी त्या चौकटीकडे वर्षानुवर्षे बघत आला होता. तांबटाने रस्ता ओलांडला आणि त्याला किंमत विचारली. आठवड्याभरात चौकट रस्त्यापलीकडे गेली आणि तांबटाच्या दाराला साध्या बाभळीच्या फळ्या आल्या.

"आता घर कसं दिसतं?" त्याने बायकोला विचारले.

"आपलं दिसतं," बायको म्हणाली.

चौकटीच्या पैशांत वाणी आणि कोठी दोन्ही सुटली. कोठावळ्याने गाठ सोडल्याची नोंद केली आणि त्यासाठी पुन्हा तेच दोन साक्षीदार शोधून आणले. उरलेले पैसे आणि गडू मिळून सावकाराची रक्कम जत्रेच्या आदल्या दिवशी पुरी झाली. त्या दिवशी सकाळी बुजवलेल्या एका झारीची मजुरीसुद्धा त्यात होती. ती नसती तर रक्कम कमी पडली असती.

जत्रेच्या दिवशी तांबट दुपारीच पारावर जाऊन बसला. सावकार आला तो ऐरण न्यायला गाडी घेऊनच आला होता. त्याच्या माणसांनी तांबटाच्या दारातून ऐरण उचलून आणून गाडीवर ठेवलीसुद्धा होती.

"पैसे इथे आहेत," तांबट म्हणाला.

सावकाराने पैसे मोजले. मग पुन्हा मोजले. मग थोडा खोकला आला, पाणी प्याला, आणि कुठवर मोजले ते विसरल्यामुळे पहिल्यापासून मोजले. रक्कम पुरी भरली तेव्हा सूर्य नदीपलीकडच्या चिंचेला टेकत होता.

मग त्याने गाठीला हात घातला. गाठ हलेना. वर्षापूर्वी भिजवून आवळलेली, वर्षभराचे ऊन आणि घाम प्यालेली, ती चिंचोक्यासारखी टणक झाली होती. सावकाराने अंगठे लावले, नखे लावली. खरी गोष्ट अशी होती, की त्याने आयुष्यात गाठी बांधल्या पुष्कळ होत्या; पण त्याच्याकडची गाठ सोडवायला सहसा कुणी येतच नसे. त्यामुळे त्या कामाची त्याला सवय नव्हती.

"दात लावा, सावकार!" गर्दीतून तेलीण ओरडली. लोक खदखदले.

सावकाराने हात झटकले आणि तो ऐसपैस बसला. "सुटत नाही बुवा. मी तरी काय करू? पैसे देऊन भागत नाही, गाठ सुटली पाहिजे. रिवाज म्हणजे रिवाज. सूर्य बुडाला की गाडी हाकायची."

तांबटाने गाडीवरच्या ऐरणीकडे पाहिले. तिच्या खळग्यात मावळतीचे ऊन साचले होते. एक हिसडा द्यावा, ओढून गाठ तोडावी, असे त्याच्या मनात आले. हात उपरण्यावर गेलाही. मग तो थांबला. डब्याचे झाकण गच्च बसले तर तांबट काय करतो? तो हिसडा देत नाही. झाकणाला कडेकडेने बारीक ठोके देतो.

तो गाडीवर चढला. खांद्यावरचे उपरणे काढून त्याने गाठ ऐरणीच्या खळग्यात ठेवली. तेलिणीने न विचारता तिच्यावर थेंबभर तेल सोडले. तांबटाने कमरेला खोचलेली लाकडी मोगरी घेतली आणि गाठीवर हलके ठोके द्यायला सुरुवात केली. टक, टक, टक. ठोका द्यायचा, गाठ जराशी फिरवायची, पुन्हा ठोका द्यायचा.

"हे चालणार नाही!" सावकार उठून उभा राहिला. "दुसऱ्या कुणी सोडायची नाही!"

पारावरचा म्हातारा पंच इतका वेळ डुलक्या घेत होता. त्याने एक डोळा उघडला. "तो सोडत कुठं आहे? तो ठोकतोय. ठोकायला बंदी नाही."

सूर्याचा अर्धा भाग चिंचेमागे गेला होता. जत्रा गाडीभोवती दाटली होती. टक, टक, टक. किती ठोके झाले ते कुणी मोजले नाहीत. मग गाठीतला एक पदर सुटा होऊन वर उचलला गेला, जसे झोपलेल्या माणसाने कूस बदलावी.

तांबटाने मोगरी ठेवली आणि उपरणे सावकारापुढे धरले. "आता बोटं तुमची लावा, सावकार."

साऱ्या जत्रेसमोर सावकाराला बोटे लावावी लागली. गाठ सुटली तेव्हा सूर्याची एक किनार अजून शिल्लक होती.

गाडी आणलेलीच होती, म्हणून लोकांनी सावकाराच्याच गाडीतून ऐरण परत तांबटाच्या दारी नेली. भाडे कुणी दिले नाही.

रात्री बायको म्हणाली, "उपरणं धुऊन काढते. सात ठिकाणी चुण्या पडल्यात, जातील."

"धू," तांबट म्हणाला, "पण चुण्या राहिल्या तर राहू देत."

त्या राहिल्याच. पुढे राजवाड्यातून पुन्हा पातेल्याचे काम आले, तेव्हा त्याने वीस दिवसांची पुरी मुदत मागून घेतली, तांबे थकले की त्याला निजवले, आणि पातेले विसाव्या दिवशी पोचते केले. गळकी भांडी मांडायची फळी मात्र त्याने दारातून कधीच काढली नाही.

समोरच्या शिंप्याच्या घराला आता मोर, वेली आणि दोन हत्ती शोभत होते. शिंपी अलीकडे उपरण्यावरून जरीचा शेला पांघरून फिरत असे.

बोध एवढाच, की कर्जाची गाठ एका हिसड्यात बसते, पण सुटते ती रोजच्या बारीक ठोक्यांनीच. म्हणून गाठ झाकू नये आणि लहान ठोक्याला लाजू नये.